साबणात काय आहे? न्हाणीघरापासून उजनीपर्यंतचा इतिहास

‘साबणात काय आहे?’ हा प्रश्न एके काळी आपल्याकडे फार गांभीर्याने विचारला जाई. १८८८ साली ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरावर उतरल्या. त्यानंतर विलायती वड्या हळूहळू गावोगावच्या दुकानांत पोहोचल्या आणि त्यांच्याबरोबर एक शंकाही पोहोचली. साबण चरबीपासून बनतो, मग ही चरबी कोणत्या जनावराची? गायीची असेल तर हिंदूला नको, डुकराची असेल तर मुसलमानाला नको. १८५७च्या काडतुसांची आठवण तेव्हा फार जुनी झालेली नव्हती. ज्या गोष्टीवरून पलटणी उठल्या, ती गोष्ट अंगाला चोळायच्या वडीत असू शकते, हे लोकांना ठाऊक होते. म्हणूनच १९१८ साली अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न घालता वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला म्हणून कारखानदाराने माल बदलला, असा हा सरळ हिशेब होता.

आज आपण अत्तरात अल्कोहोल आहे का हे विचारतो, औषधाच्या कॅप्सूलमधले जिलेटिन कशाचे आहे हेही विचारतो. पण तोंड धुण्याच्या ट्यूबमध्ये जे बारीक खरखरीत दाणे लागतात ते कशाचे आहेत, हे विचारायचे मात्र राहून गेले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर विकल्या गेलेल्या अनेक फेसवॉश, स्क्रब आणि टूथपेस्टमध्ये हे दाणे प्लास्टिकचे होते. त्यांना मायक्रोबीड म्हणजे सूक्ष्ममणी म्हणतात. बहुतेक मणी एक मिलिमीटरहूनही लहान असतात, काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांचे काम एवढेच की मिनिटभर गाल घासायचे आणि पाण्याबरोबर मोरीतून निघून जायचे. पुढची शेकडो वर्षे ते काय करतात, हा या लेखाचा विषय आहे. आणि तो विषय बारामती-इंदापूरच्या लोकांचा का आहे, तेही पाहायचे आहे.

हमामखाना, वजरी आणि राखुंडी

अंग घासण्याची गरज नवी नाही. साधने मात्र बदलत गेली आणि त्या बदलांचा इतिहास आपल्या शब्दांतच जपलेला आहे. ‘हमामखाना’ हा शब्द अरबी-फारसीतून दख्खनच्या दरबारांत आला आणि मराठीत मुरला. ‘अत्तर’ अरबी ‘इत्र’वरून आले. ‘साबण’ या शब्दाचे मूळ कोणी अरबी ‘साबून’मध्ये सांगतो, कोणी पोर्तुगीज भाषेत. ‘शाम्पू’ची गोष्ट तर याहून मजेशीर आहे. आपण ज्याला चंपी म्हणतो त्याच घराण्यातला हा शब्द. तो इंग्लंडात लोकप्रिय करणारा माणूस होता शेख दीन मुहम्मद. १७५९ साली पाटण्यात जन्मलेला आणि कंपनीच्या फौजेत वाढलेला हा माणूस पुढे आयर्लंडमार्गे लंडनला गेला. १८१० साली त्याने तिथे हिंदुस्थानी खाण्याचे दुकान काढले. ते चालले नाही, तेव्हा त्याने समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात वाफेचे हमाम उघडले. वनस्पतींची वाफ आणि तेलाची मालीश असा तो उपचार होता. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले. म्हणजे आज प्लास्टिकच्या पुडीत मिळणाऱ्या शाम्पूचे नाव एका हिंदी माणसाच्या हमामातून जगभर गेलेले आहे. त्या हमामात प्लास्टिक नव्हते, कारण ते तेव्हा जगातच नव्हते.

आपल्याकडच्या घरांत काय होते, ते जुन्या माणसांना सांगायला नको. केसांना शिकेकाई आणि रिठा. अंगाला बेसन नाहीतर मसुराच्या डाळीचे पीठ, दिवाळीला उटणे. चेहऱ्याला मुलतानी माती. टाचांना वजरी. पाठीला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. दातांना राखुंडी, बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण, मुसलमान घरांत मिस्वाक. हे सगळे चांगलेच होते असे नाही. मिसरीने कित्येक बायकांची तोंडे खराब केली, आणि खरखरीत राखुंडीने दातही झिजतात. पण एक गोष्ट खरी की यातली प्रत्येक वस्तू मातीतून किंवा झाडातून आलेली होती आणि मोरीतून बाहेर पडल्यावर पुन्हा मातीत मिसळत होती. परसातल्या केळीला आणि अळूला न्हाणीचे पाणी सोडायची पद्धत याच भरवशावर चालली.

मणी आले कुठून?

२७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन रसायनशास्त्रज्ञांच्या भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. ते वेगळेच काही करायला बसले होते. अपघाताने सापडलेला तो पदार्थ म्हणजे पॉलिएथिलीन. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांना कामी आला. युद्धानंतर त्याच्या पिशव्या आणि बाटल्या झाल्या. पुढे त्याचेच बारीक दाणे साबणात घालायची कल्पना निघाली. १९७०च्या दशकापासून त्याची पेटंटे दिसतात आणि १९९०च्या दशकात असे स्क्रब दुकानांत सर्रास दिसू लागले.

कारखानदाराच्या बाजूने पाहिले तर सोय मोठी होती. अक्रोडाच्या कवचाची पूड किंवा जर्दाळूच्या आठळीची पूड ओबडधोबड असते, तिच्या कडा त्वचेला बोचू शकतात, तिचा माल दरवेळी सारखा निघत नाही. प्लास्टिकचा मणी मात्र गुळगुळीत, एकाच मापाचा, हवा त्या रंगाचा, न कुजणारा आणि स्वस्त. त्यामुळे एकच ट्यूब रोज वापरण्याजोगी मऊ करता आली. एरवी आठवड्यातून एकदा करायचे काम रोजचे झाले आणि खप वाढला.

आपल्याकडे याच सुमारास दुसरा बदल चालू होता. १९८०च्या दशकात शाम्पू छोट्या पुडीत आला. बाटली न परवडणारे घरही पुडी घेऊ लागले. टीव्ही, जाहिराती आणि गोरेपणाची क्रीमही घरोघर पोहोचली. शहरातल्या न्हाणीघरात आणि आठवडी बाजाराच्या गावातल्या मोरीत आता एकाच कारखान्याचा माल जाऊ लागला. यात गरीब माणसाला स्वस्तात टापटीप मिळाली, हे नाकारायचे कारण नाही. पण ट्यूबच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत काय लिहिले आहे, हे वाचण्याची सोय त्याला कुणी करून दिली नाही.

शोध आणि बंदी

समुद्रात प्लास्टिकचे बारीक तुकडे तरंगतात, हे १९७२ सालीच ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले होते. २००४ मध्ये ब्रिटनच्या प्लायमथ विद्यापीठातील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्याच्या वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म प्लास्टिक किती साचले आहे ते दाखवून दिले. मग शोध न्हाणीघरापर्यंत आला. २००९ साली न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील दोन संशोधकांनी बाजारातले फेसवॉश तपासले आणि तोंड धुण्याने समुद्र कसा घाण होतो ते मांडले. २०१२च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पंचमहासरोवरांपैकी तीन सरोवरांत जाळी ओढण्यात आली. तेव्हा दर चौरस किलोमीटरला सरासरी ४३ हजार कण निघाले. त्यांत रंगीत गोल मणी बरेच होते आणि त्यांचा आकार, रंग, घडण दुकानातल्या फेसवॉशमधल्या मण्यांशी जुळत होती. २०१५ साली प्लायमथमध्ये पुन्हा मोजणी झाली. स्क्रब एकदा वापरला की ४,५९४ ते ९४,५०० मणी मोरीत जाऊ शकतात, असा तो हिशेब निघाला.

सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र हे मणी अडवत नाही का? बरेचसे अडवते. पण अडलेले मणी गाळात बसतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर मणीही शेतात जातात. उरलेला थोडा हिस्सा पाण्याबरोबर सुटतो. मणी कोट्यवधी असतील तर थोडा हिस्साही फार होतो. अमेरिकेपुरताच हा सुटलेला हिस्सा दिवसाला ८ लाख कोटी मण्यांचा असावा, असा अंदाज २०१५ मध्ये मांडला गेला.

धोका दोन प्रकारचा आहे. एक, लहान जीव मण्याला अन्न समजून गिळतात. पोट भरते, पोषण होत नाही. दुसरा धोका अधिक लपलेला. प्लास्टिक तेलकट स्वभावाचे असते, त्यामुळे पाण्यातली कीटकनाशके आणि कारखान्यांची काही विषारी रसायने त्याला चिकटतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या माशांना फेसस्क्रबमधले मणी खाऊ घातले. २०१६ साली छापलेला निष्कर्ष असा की मण्यांना चिकटलेली रसायने माशांच्या शरीरात उतरतात. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे सूक्ष्म अंश मिळाले. ते फेसवॉशमधूनच आले असे कुणी म्हणत नाही. पण प्लास्टिक बाहेरच्या पाण्यात राहते आणि आपल्या आत येत नाही, हा समज त्याने मोडला.

बंदीचा इतिहास मात्र उमेद देणारा आहे. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संस्थांनी मोहीम सुरू केली. ग्राहकाला मोबाइलवर वस्तू तपासता यावी म्हणून ॲप काढले. त्याच वर्षी युनिलिव्हरने मणी काढून टाकण्याची घोषणा केली. २०१४ मध्ये इलिनॉय या अमेरिकी राज्याने कायदा केला. २८ डिसेंबर २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी देशभराच्या कायद्यावर सही केली. ब्रिटन, कॅनडा आणि न्यूझीलंडची बंदी २०१८ साली लागू झाली. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून स्क्रबमधले मणी थांबवले आणि इतर प्रसाधनांतल्या सूक्ष्म प्लास्टिकला टप्प्याटप्प्याने मुदत दिली. भारतात २०१६ मध्ये हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. २०१७ साली भारतीय मानक ब्युरोने न विघटणारे प्लास्टिकचे मणी सौंदर्यप्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले आणि २०२०पासून ते थांबावेत असे ठरले. तरीही २०२२ साली दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातला माल तपासला, तेव्हा काही वस्तूंत प्लास्टिकचे कण सापडले. महाराष्ट्राने २०१८ साली केलेली प्लास्टिकबंदी पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांची होती. हातात धरता येणाऱ्या प्लास्टिकवर दंड बसला, पेस्टमध्ये विरलेल्या प्लास्टिककडे कुणाची नजर गेली नाही.

कऱ्हा, नीरा, भीमा

आता नकाशा समोर ठेवू. इंदापूर तालुका म्हणजे दोन नद्यांच्या कुशीतला मुलूख. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूरला दोघी भेटतात. मालोजीराजांची ही जहागीर आणि चाँदशाहवलींच्या दर्ग्याचे हे गाव. शेजारची बारामती कऱ्हेच्या काठी वसलेली. याच कऱ्हाकाठी मोरोपंतांनी काव्यरचना केली. कऱ्हा पुढे सोनगावला नीरेत मिळते. हा सारा पट्टा मूळचा कोरडा. १८७६-७८च्या दुष्काळाने इथली माणसे-जनावरे होरपळली आणि त्यानंतर भाटघरच्या पाण्यावर नीरा डावा कालवा आला. ऊस, साखर कारखाने, आजची संपन्नता हे सगळे त्या पाण्याचे देणे. इथल्या माणसाला पाण्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. ११७ टीएमसी पाणी मावणारा हा जलाशय इंदापूर तालुक्याच्या कडेने दूरवर पसरला. कित्येक गावे पाण्यात गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी फार ओसरले की अजून वर येते. जमीन गेलेल्या काही घरांनी जाळी हाती घेतली. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी विकली जाऊ लागली. कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येऊ लागले, चिखलपाणी चोचीने गाळून त्यातले बारीक जीव खाऊ लागले. सोलापूर शहर याच जलाशयाचे पाणी पिते.

या जलाशयात पाणी येते कुठून? पवना मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला मिळालेली असते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांच्या न्हाणीघरांतले पाणी, शुद्ध झालेले असो वा न झालेले, शेवटी भीमेवाटे उजनीत उतरते. उजनीवर हिरवा तवंग आणि जलपर्णी का वाढते, हे काठावरच्या लोकांना कुणी सांगायला नको. जलपर्णी निदान दिसते तरी, मणी दिसत नाही. पुण्यात कुणीतरी चेहरा उजळण्यासाठी वापरलेला दाणा पळसदेवच्या मच्छीमाराच्या जाळ्यातून सहज निसटतो, माशाच्या पोटातून निसटतोच असे नाही.

पण सगळा दोष पुण्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. बारामतीच्या मोऱ्यांचे पाणी कऱ्हेत, कऱ्हेचे नीरेत, नीरेचे भीमेत आणि भीमेचे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून जाते. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करत ज्या दिशेला जाते, साधारण त्याच दिशेला हे पाणीही जाते. तिथे लाखो वारकरी त्यात स्नान करतात. तेच पाणी पुढे कृष्णेत आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. नदीवर प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली असते आणि कुणाच्या तरी वर असते. वरच्याची तक्रार करताना खालच्याची आठवण ठेवावी लागते.

थांबलेले पाणी

पाण्याचा विषय निघाला की मुसलमानाला वुजू आठवणारच. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आत-बाहेर. वाहत्या नदीकाठी बसलो तरी पाण्याची उधळपट्टी करू नये, अशी शिकवण आहे. थांबलेले पाणी आणि लोकांचा पाणवठा घाण करण्याची मनाई आहे. फिकहच्या ग्रंथांत वाहते पाणी आणि थांबलेले पाणी यांचे नियम वेगळे मांडलेले असतात, कारण वाहते पाणी घाण पुढे नेते आणि थांबलेले पाणी साठवून ठेवते. धरण बांधले की नदीचे काय होते, तर ते वाहते पाणी थांबते. उजनी हे असे थांबलेले पाणी आहे. त्यात जे उतरते त्यातले बरेचसे गाळात बसून राहते. आपण मशिदीच्या हौदात जे टाकणार नाही, ते दिसत नाही म्हणून त्या मोठ्या हौदात सोडत असू, तर आपल्या पाकीचा अर्थ तपासायला हवा. स्वतःची पाकी दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यातून वसूल करता येत नाही. हे समजायला मुसलमान असण्याची गरज नाही, चंद्रभागेत उतरणाऱ्या वारकऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७च्या अहवालाप्रमाणे समुद्रात थेट सूक्ष्म रूपात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ३५ टक्के कृत्रिम धाग्यांचे कपडे धुण्यातून येते, २८ टक्के टायर झिजण्यातून, आणि प्रसाधनांतून फक्त २ टक्के. मग या दोन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? कारण टायर आणि कपडे यांना आज सोपा पर्याय नाही. तिथे प्लास्टिक झिजून सुटते. इथे ते मुद्दाम घातले जाते, मिनिटभराच्या कामासाठी, आणि पर्याय घरातच आहे. ज्या तालुक्यांत भवानीनगर आणि माळेगावचे कारखाने साखरेची पोती भरतात, तिथे गाल घासायला प्लास्टिक लागावे, हे कोणत्या हिशेबात बसते? साखर, मीठ, बेसन, मुलतानी माती ही कामे करतातच. जे सर्वांत सोपे आहे तेच आपण सोडले नाही, तर अवघड गोष्टींचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे?

करायचे ते फार नाही. ट्यूब घेताना मागे पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन अशी नावे आहेत का ते घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. असतील तर दुकानदाराला ती परत द्यावी आणि का, तेही सांगावे. घटकांची नावे मराठीत छापावीत ही मागणी ग्राहक पंचायतींनी, महिला बचत गटांनी, जमातींनी लावून धरावी. शतकापूर्वीच्या गिऱ्हाइकाकडे ॲप नव्हते, प्रयोगशाळा नव्हती, बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. तरी त्याने चरबीचा प्रश्न विचारला आणि कारखानदाराला उत्तर द्यावे लागले. तेव्हा प्रश्न स्वतःच्या धर्माचा होता. आता तो खालच्या गावाच्या पाण्याचा आहे, म्हणून तो अधिक मोठ्याने विचारायला हवा.